टाळी पडली की विषय संपला

२४ डिसेंबर १९६७, रविवार

हे दोन्ही हात मनगटापासून तोडून कुत्र्यापुढे टाकावेत असं वाटतंय. सकाळपासून त्यांच्याकडेच बघतेय. नखांत नायलॉनचे बारीक केस अडकलेत, उजव्या अंगठ्यावर मशीनचा जुना वण आहे. बारा वर्षं या हातांनी टूथब्रशांत केस भरले आणि कधी दगा दिला नाही. काल दिला, तोही टाळ्या वाजवताना.

काल कारखान्याचं वर्षअखेरचं जेवण होतं. याओ स्टेशनच्या मागे एका हॉटेलचा वरचा मजला घेतला होता. झाडून सगळे आले होते. पुरुष गात होते, आम्ही बायका त्यांच्या वाट्यांत साके ओतत होतो. मी चारच घोट घेतले होते, त्यामुळे मला चढली होती असं कुणी म्हणू नये. तेवढ्यात आमच्या खात्याचे मुरोसाकी साहेब उठले. गाल लाल, चेहऱ्यावर लग्नघरातल्या मामासारखं हसू. म्हणाले, "मंडळी, एक आनंदाची बातमी. आपली किनुयो मार्चमध्ये तीस वर्षांची होतेय. नियमाप्रमाणे ती आपला निरोप घेईल. तिच्या पुढच्या सुखासाठी, चला, वाजवू या—"

आणि माझ्या हातांनी टाळी दिली.

वाजवू या, दोन टाळ्या. अजून एकदा, दोन टाळ्या. शुभाचं म्हणून तिसऱ्यांदा, आणि शेवटच्या तीन. सगळ्या माणसांची मिळून एकच टाळी पडावी तशी. माझीसुद्धा त्यात, बरोबर ठेक्यावर. साहेब काय बोलले ते डोक्यात शिरायच्या आत हात वाजून मोकळे झाले होते. ओसाकात काहीही ठरलं की ही टाळी वाजवून ते पक्कं करतात; इथल्या पोराला चालायच्या आधी ती येते, त्याला मी काय करू?

आजोबा मासळीबाजारात होते. ते म्हणायचे, टाळी पडली की विषय संपला. मग टोपलीत खालचे मासे कुजके निघाले तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. जो काढेल त्याच्याशी बाजारात पुन्हा कुणी सौदा करत नाही.

कुजका मासा मीच निघाले.

२६ डिसेंबर, मंगळवार

साहेबांकडे गेले. म्हटलं, "मला जायचं नाहीये. घरी आई आहे, तिचे गुडघे गेलेत. मी कमावते म्हणून चूल पेटते."

"अगं, पण परवा तूच तर टाळी दिलीस," साहेब म्हणाले. आवाज कसा, तर दुधावरच्या सायीसारखा. "सगळ्यांनी पाहिलंय. आणि मी तुला वाऱ्यावर सोडतोय का? मार्चमध्ये शनिवारी समारंभ होईल, सोमवारी पुन्हा यायचं. तेच मशीन, तेच स्टूल."

तेच मशीन, तेच स्टूल, पगार अर्धा, रोजंदारीवर, आणि यायचं मागच्या दारानं. आमच्याकडे पुरुष पंचावन्नला म्हातारा होतो आणि बाई तिशीत. तिशीला तिला पुष्पगुच्छ देतात, डझनभर टूथब्रश देतात, टाळी वाजवतात आणि दोन दिवसांनी मागच्या दारानं आत घेतात. मागच्या दारानं येणाऱ्या सहा जणी आहेत. बारा वर्षं मी त्यांना बघतेय. त्यांच्या वेळच्या टाळ्याही मी मोठ्या हौसेनं दिल्या आहेत, आणि हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

कारखान्याची युनियन आहे. तिचे अध्यक्ष इवाकी-सान. त्यांना विचारलं तर म्हणाले, "नियम आमच्याच सहीनं झालाय. मी कसा मोडू?" ही युनियन म्हणजे साहेबांच्या घरचं मांजर. पानाजवळ बसतं, उंदीर मात्र धरत नाही.

दुपारी यासुनो-सान चहा घेऊन आल्या. त्या मागच्या दारातल्या सगळ्यात जुन्या. मी सतरा वर्षांची असताना त्यांनीच मला मशीन शिकवलं, माझं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा स्वतःचा रुमाल फाडून बांधला. मला वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूनं बोलेल. त्या कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "टाळी दिलीस ना? मग आता गप बस."

चहा तसाच मोरीत ओतला.

९ जानेवारी १९६८

आंघोळीच्या सार्वजनिक घराजवळ खांबावर एक कागद चिकटवलेला असतो. किती वर्षं चिकटवलाय देव जाणे, मी कधी वाचला नव्हता. 'कुठलाही कामगार. कितीही लहान कारखाना. एकटे असाल तरी या.' आज पत्ता उतरवून घेतला आणि गेले.

नूडल्सच्या दुकानावर एक खोली. जिना असा उभा की शिडीच म्हणावी. वर एक टेबल, एक लाल झेंडा, सिगारेटचा धूर आणि त्या धुरात काजितानी-सान. पूर्वी पत्र्याचं काम करायचे. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. बोलणं असं की ओरडतायत की विचारपूस करतायत ते कळत नाही.

भिंतीवर जुने फोटो होते. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी छत्रीच्या काड्या करणाऱ्या चार बायकांना मालकानं काढलं. चार जणींची कसली युनियन होणार? मोठ्या युनियनवाल्यांनी त्यांना दारातून परत पाठवलं. मग त्या, एक आंघोळीच्या घरातला भट्टीवाला, दोन बटणवाले आणि पत्र्याचे काजितानी-सान असे आठ जण या खोलीत बसले आणि म्हणाले, आपल्याला कुणी घेत नाही तर आपण सगळ्यांना घेऊ. मालक वेगळा असो, धंदा वेगळा असो, युनियन एकच. तिला लोक 'सगळ्यांची युनियन' म्हणतात. काहीजण 'भंगारवाल्यांची युनियन' म्हणतात. काजितानी-सान दोन्ही सारख्याच अभिमानानं सांगतात.

मी टाळीचं सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत.

"कायद्यात टाळीला काडीची किंमत नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर."

"काय झालं? उद्या कोर्टानं तुला मशीनवर बसवलं आणि शेजारचा माणूस तुझ्याशी बोलला नाही, तर किती दिवस बसशील? टाळी मोडणाऱ्या बाईबरोबर कोण उभं राहील सांग."

मला कुणाचंच नाव सांगता आलं नाही. याचाच इतका संताप आला की तिथल्या तिथे सही करून टाकली.

१२ जानेवारी

काजितानी-सान आज कारखान्यात येऊन पत्र देऊन गेले. मी सगळ्यांच्या युनियनची सभासद आहे, निवृत्त होणार नाही, बोलणी करा. मी दंडावर लाल पट्टी बांधली. 

जेवणाच्या सुट्टीत मी बसले तो बाक रिकामा झाला. एक-एक करून नाही, सगळे एकदम उठले. माझ्याकडूनच काम शिकलेल्या पोरीसुद्धा. मी एकटी बाकावर, पुढ्यात भाताचा डबा. मी शेवटच्या दाण्यापर्यंत जेवले. उठून गेले असते तर त्यांना वाटलं असतं, बाई हरली.

यासुनो-सान भांडी गोळा करत जवळून गेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काय गं, त्या युनियनचा जिना फार उभा आहे म्हणे? माझ्यासारखीचे गुडघे तर अर्ध्यातच राहतील. आणि रोजंदारीवाल्यांना काय, दारातूनच हाकलत असतील."

"तिथे कुणालाच हाकलत नाहीत," मी म्हटलं. "कुचकं बोलणाऱ्यांनासुद्धा नाही."

"मोठ्यानं बोलू नकोस माझ्याशी. लोक बघतायत," असं म्हणून त्या गेल्या.

लोक बघतायत. बारा वर्षांच्या ओळखीची ही किंमत.

२५ जानेवारी

मला मशीनवरून उठवलं. 'कामाच्या सोयीसाठी.' आता मी अंगणात ब्रशच्या मोडक्या दांड्या निवडते. उघड्यावर, हिवातून. हातमोजे मागितले तर म्हणाले, ते कायम कामगारांसाठी आहेत. मी अजून कायम आहे, म्हटलं. साहेब म्हणाले, "मनानं तू डिसेंबरातच गेलीस, किनुयो."

दात-ओठ खात दांड्या निवडायला लागले. टूथब्रशच्या कारखान्यात दातांना तेवढंच काम उरलंय.

चहाच्या वेळी यासुनो-सान सगळ्यांना चहा देतात आणि मला वगळून जातात. माझा कप कपाटात खालच्या फळीवर पडलेला असतो. मजा अशी की त्यावर धूळ नसते. रोज कुणीतरी घासून ठेवतं. चहा द्यायचा नाही आणि कप मात्र चकचकीत ठेवायचा, म्हणजे मला दिसावा. जखमेवर मीठ कसं चोळतात ते या बायकांकडून शिकावं.

४ फेब्रुवारी, रविवार

आज भाजक्या दाण्यांचा सण, पण रविवार म्हणून कारखान्यानं कालच केला. घरोघर 'भूत बाहेर, भाग्य आत' म्हणत दाणे फेकतात. कारखान्यात सुट्टीच्या आधी साहेब स्वतः दाणे उधळतात आणि पोरी खिदळतात. मी अंगणात होते. आत गेले, तर माझ्या स्टुलावर दाण्यांची पुडी. छान घडी घातलेली, दोऱ्यानं बांधलेली.

म्हणजे भूत मीच. बाहेर जा. मी ती पुडी उचलली आणि फाटकाबाहेर कबुतरांपुढे भिरकावली. घरी येऊन आईला सांगितलं.

आई विळीसारख्या जिभेची आहे, पण काल हळू बोलली. "भूत काढणारे मूठभर दाणे अंगावर फेकतात. पुडी बांधून कोण देतं? पुडी देतात ती वयाइतके दाणे खायला. वर्ष निरोगी जावं म्हणून. मोजलेस का तू?"

"कबुतरांनी मोजले असतील."

"टाळी एका हातानं वाजत नाही, किनु. तूही जरा—"

"आई, टाळीचं नाव काढू नकोस."

घरात टाळी हा शब्दच मी बंद केलाय. आईला काय कळतंय. ती दिवसभर घरात बसून ब्रश पाकिटात भरते, तिला माणसं कशी असतात ते काय दिसणार.

१५ फेब्रुवारी

बोलणी झाली. बोलणी कसली, भिंतीशी भांडण. एका बाजूला मुरोसाकी साहेब, कारखान्याचे वकील आणि आमचे अध्यक्ष इवाकी-सान. हो, कामगारांचे अध्यक्ष मालकाच्या बाजूला बसले, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. दुसऱ्या बाजूला काजितानी-सान, मी आणि युनियनचा आंघोळीच्या घरातला भट्टीवाला, जो रात्रपाळी करून आल्यामुळे डुलक्या घेत होता.

काजितानी-सान टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "बाई तिशीत म्हातारी होते हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "तिनं राजीखुशीनं टाळी दिली. कारखान्यातला एक माणूस आणा, जो म्हणेल की तिची टाळी खोटी होती. एकच आणा."

पुन्हा तेच. कोर्ट, कायदा, झेंडा एकीकडे आणि ती टाळी एकीकडे. मी म्हटलं, "माझ्या हातांनी चूक केली." वकील हसला. म्हणाला, "मग निवृत्त हातांनाच करू या." त्याच्या तोंडावर चहा फेकायचा होता, पण मला चहा दिलेलाच नव्हता.

१८ फेब्रुवारी

आज युनियनच्या खोलीत सभा होती. वेगवेगळ्या धंद्यांतले वीसएक पुरुष. शोषण, हक्क, लढा, दोन तास. सभा संपली, सगळे उठून गेले, आणि टेबलावर कप तसेच. काजितानी-सान मला म्हणाले, "हां, मोरी त्या पडद्यामागे आहे."

मी म्हटलं, "काजितानी-सान, बारा वर्षं पुरुषांचे कप विसळले म्हणून तर मी इथे आले. इथेही तेच करायचं असेल तर मुरोसाकी साहेब काय वाईट आहेत? ते निदान गुच्छ देतात."

 ते बाह्या वर करून स्वतः मोरीपाशी गेले. तीन कप फोडले. आठ बोटांनी कप धुणं सोपं नसतं, पण मी मदत केली नाही. पहिल्या फोटोतल्या चार छत्रीवाल्या बायकांनाही हेच करावं लागलं असणार. फोटोत त्या बसलेल्या दिसतात, पण त्यांच्यापुढचे कप कुणी धुतले ते फोटोत दिसत नाही.

२७ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहिताना पेन कागदात रुततंय.

कामानंतर युनियनमध्ये गेले. जिन्याच्या तळाशी चपलांच्या रांगेत लाकडी खडावांचा एक जोड होता. एक पट्टा लाल, दुसरा तुटला म्हणून निळ्या चिंधीचा. हा जोड मी रोज कारखान्याच्या मागच्या दाराशी बघते. यासुनो-सानचाच.

मी वर जाणार तेवढ्यात काजितानी-सान घाईनं खाली आले आणि जिना अडवून उभे राहिले. "आज नको. आज मला काम आहे. उद्या ये."

"वर कोण आहे?"

"कुणी नाही. खालच्या नूडल्सवाल्याचं गिऱ्हाईक असेल."

दुकानात डोकावले. तिथे त्या नव्हत्या. मग कुठे होत्या? मागे मोरीत, की वर? साहेबांनी त्यांना माझ्या मागावर पाठवलंय हे सरळ आहे. एका शब्दाच्या बदल्यात त्यांना मागच्या दारातून पुढच्या दारात घेणार असतील. आणि काजितानी-सान असे भोळे की हेराला जिना चढू देतात. किंवा भोळे नाहीत. युनियनवाले कारखान्यांशी आतून मिटवतात असं ऐकलंय. पैसे घेतात, टाळी वाजवतात, बाई घरी.

कुणावर विश्वास ठेवायचा? आई म्हणते, झोप. झोप कसली.

१० मार्च, रविवार

आंघोळीच्या घरात यासुनो-सान भेटल्या. वाफेत कपडे नसतात, लाज नसते, साहेब नसतो. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं बोलले. रुमाल फाडून बोट बांधलं होतंत ते कशाला, आता माझी मान कापायला? हेरगिरीचे किती मिळतात? चहा वगळता, कप घासता, भुताचे दाणे ठेवता. बाकीच्या बायका बादल्या घेऊन लांब सरकल्या.

 मी थांबले तेव्हा यासुनो-सान म्हणाल्या, "पाठ कर इकडे."

आणि माझी पाठ चोळायला लागल्या. इतक्या जोरात की कातडं सोलून निघेल असं वाटलं. मी उठून का गेले नाही ते माहीत नाही.

"माझ्या वेळी गुच्छात गुलाबी फुलं होती," त्या मागून म्हणाल्या. "मला आवडला गं गुच्छ. जन्मात कुणी फुलं दिली नव्हती. सगळ्यांपेक्षा जोरात टाळी दिली मी. घरी जाऊन फुलं पाण्यात ठेवली. ती सुकायच्या आत मागच्या दारात उभी होते."

त्यांनी फडकं पिळलं.

"शनिवारी निरोप आहे तुझा. येशील ना?"

"येईन. बघायचंय ना तुम्हाला मला जाताना?"

"हो. बघायचंय. आणि टाळी देणार नाहीस ना या वेळी?"

"नाही."

"सवय असते हातांना," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर बादली उपडी केली. पाणी कढत होतं.

शेवटपर्यंत टोमणा. ही बाई मेल्यावर यमालाही टोमणा मारेल.

१७ मार्च, रविवार

आज मी तीस वर्षांची झाले. कालचं सगळं नीट लिहायचंय.

काल दुपारी काम लवकर बंद झालं. सगळे जेवणाच्या खोलीत. समोर साहेब, टेबलावर गुच्छ आणि डझनभर टूथब्रशचा डबा, ज्यातले निम्मे मीच भरले असतील. काजितानी-सानना फाटकातच अडवलं होतं. बाहेरून त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मी दंडावर पट्टी बांधून भिंतीपाशी उभी राहिले.

साहेबांनी भाषण केलं. कष्टाळू, मनमिळाऊ, घरातल्या मुलीसारखी. गुच्छ पुढे केला. मी हात मागे घेतले आणि म्हटलं, "मी निवृत्त होत नाहीये. डिसेंबरात मला न विचारता टाळी वाजवली गेली. ती मी परत घेते."

खोलीत कुजबुज झाली. टाळी परत घेते असं ओसाकात आजवर कुणी म्हटलं नसेल. इवाकी-सान म्हणाले, "लाज वाटू दे जरा." एक मुलगी खुदकन हसली. साहेबांनी गुच्छ माझ्या पायाशी ठेवला, कुठल्याशा दगडाच्या देवापुढे ठेवावा तसा, आणि सगळ्यांकडे वळून दोन्ही हात उंचावले.

मागच्या दाराच्या सहा जणी तोवर चहा आणत होत्या. समारंभात चहा त्यांनीच द्यायचा असतो. पण काल त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. चहा वाटलाच नाही. प्रत्येकीनं एकेक कप घेतला, दोन्ही हातांत, बोटं जुळवून, पाहुण्यापुढे धरतात तसा अदबीनं, आणि माझ्या दोन्ही बाजूंना भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. यासुनो-सानच्या हातात माझा कप होता. वर वाफ येत होती.

"वाजवू या—" साहेब म्हणाले.

पुरुषांच्या टाळ्या पडल्या. बायकांच्या अर्ध्याच, कारण सगळ्या या सहा जणींकडे बघत होत्या.

"कप खाली ठेवा," साहेब म्हणाले.

"गरम आहे, साहेब," यासुनो-सान म्हणाल्या. "चहा खाली ठेवला तर पाहुणीचा अपमान होतो. आम्हाला इथे तेवढंच तर शिकवलंय."

"अजून एकदा—" साहेबांचा आवाज चिरकला. या वेळी टाळ्या पाचोळ्यासारख्या आल्या. कुणाची आधी, कुणाची नंतर. मशीनवरच्या पोरी एकमेकींचे हात बघत होत्या. एकीनं कोपऱ्यातला रिकामा कप उचलला आणि दोन्ही हातांत धरला. मग तिच्या शेजारणीनं. तिसऱ्या खेपेला साहेब 'शुभाचं म्हणून' एवढंच म्हणाले आणि थांबले. उरलेलं कुणी म्हटलं नाही. एकट्या इवाकी-सानची एक टाळी पडली आणि त्यांनाच ती ऐकवेना.

टाळी पडली नाही म्हणजे विषय संपला नाही. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, साहेबांना सगळ्यात आधी.

यासुनो-सान माझ्याकडे वळल्या आणि कप पुढे केला. "घे. निवतोय. आणि साहेब, आम्ही सहा जणीही त्या सगळ्यांच्या युनियनमध्ये आहोत. गेल्या महिन्यापासून. तो जिना फार वाईट आहे, पण चढता येतो."

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. फाटकाबाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले, "मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला हेर म्हटलं, काय काय म्हटलं!"

"तुझ्या पोटात काही राहतं का? सगळ्या आंघोळीच्या घराला ऐकवलंस परवा. साहेबांची बायको पलीकडच्या टबात होती. तिनं घरी जाऊन काय सांगितलं असेल? की यासुनो आपलीच आहे." त्या धापा टाकत होत्या. "आणि कबुतरांना दाणे टाकलेस म्हणे. बोटं दुखेपर्यंत मोजले होते मेले ते."

काजितानी-सान नुसते सिगारेट ओढत होते. त्या दिवशी वर कोण होतं ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांचा मला अजून थोडा राग आहे.

१८ मार्च, सोमवार

सकाळी सात जणी पुढच्या दारानं गेलो. यासुनो-सान अकरा वर्षांनी. फाटकापाशी त्या थबकल्या, खडावा झटकल्या आणि मग आत जायला पाऊल उचललं.

पहारेकऱ्यानं अडवलं. साहेब आले, वकील आला, फोनाफोनी झाली. तासभर आम्ही थंडीत उभ्या होतो. शेवटी साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, बोलणी संपेपर्यंत हिला मशीनवर बसू द्या. बाकीच्या सहा जणींचा विषयही बोलणीत घेऊ. किती दिवस चालेल, काय होईल, सांगता येत नाही. काजितानी-सान म्हणतात, वर्ष लागेल. पगार अर्धा होऊ शकतो, पूर्णही. हरूही शकतो.

पण फाटक उघडलं तेव्हा काजितानी-सानना राहवलं नाही. झेंडा बगलेत धरून त्यांनी आठ बोटांचे हात उंचावले आणि आनंदानं म्हणाले, "चला, वाजवू या—"

कुणीच काही केलं नाही. यासुनो-साननी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काजितानी-सानचे हात हवेत तसेच राहिले, मग हळूच खाली आले आणि सिगारेट शोधायला लागले.

"अजून काही मिटलेलं नाही," यासुनो-सान म्हणाल्या.

मी माझ्या हातांकडे बघितलं. ते एप्रनच्या खिशात होते. मी घातले नव्हते, ते आपणहून गेले होते.